फुल चोक

वर्सोव्यात ‘शूटिंगला आलोय’ म्हणणाऱ्याकडे कोणी मान वळवूनही बघत नाही. यारी रोडवर सकाळी दूध आणायला गेलं, तर रांगेत पुढे एक हवालदार आणि मागे एक यमदूत उभा असतो, आणि दोघंही आरामनगरात ऑडिशनला निघालेले असतात. त्यामुळे माझा भाचा कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने येऊन, खांद्याला लांबलचक काळी पेटी लावून गेटवर उभा राहिला आणि वॉचमनने ‘काम काय?’ विचारलं, तेव्हा तो खरं तेच बोलला. ‘शूटिंग.’ वॉचमनने वहीत ‘शूटिंग’ असं लिहिलं, पेटीकडे बघून ‘गिटार?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टचं बटण दाबून दिलं. तासाभरात दुसऱ्या मजल्यावरचा एक होतकरू कलाकार आपले तीन बाजूंनी काढलेले फोटो घेऊन दारात. ‘काका, कास्टिंग कोण बघतंय?’

भाचा नेमबाज आहे. कोल्हापूरच्या माणसाने नेमबाज असणं यात आता काही नवल राहिलेलं नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ घेऊन आलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्या जिल्ह्यात नेम धरणं हे रश्श्याइतकंच रोजचं झालंय. पण ही सगळी मंडळी रायफलवाली नाहीतर पिस्तूलवाली. आमच्या भाच्याला लहानपणापासून सरळ वाट मानवत नाही. त्याने शॉटगन धरली. रायफलची एकच गोळी, ती एका जागी गप उभ्या असलेल्या कागदावर मारायची. शॉटगनच्या काडतुसात मोहरीपेक्षा थोडे मोठे असे साधारण तीनशे छर्रे, आणि ते मारायचे ११ सेंटिमीटरच्या नारिंगी तबकडीवर, जी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास आपल्यापासून लांब पळत असते.

‘तीनशे छर्रे म्हणजे एक तरी लागणारच की,’ मी म्हणालो.

‘मामा, अंधेरीला मेट्रोत चढतोस तेव्हा डब्यात तीनशे सीट असत्या, तरी तुला एक मिळाली असती का?’

मी विषय बदलला.

तो चालला होता दिल्लीला. तुघलकाबादची डॉ. कर्णीसिंग रेंज, १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली. सोमवारी संध्याकाळची गाडी, मध्ये रविवार आमच्याकडे. आणि त्या रविवारी सकाळी आठ वाजता, गॅलरीत कबुतरांच्या जाळीशी उभा राहून तो फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, ‘फुल चोक अडकलाय! निघतच नाही. काल रात्रीपासून झटतोय!’

आता इथे आमच्या घराचा इतिहास सांगायला हवा. आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य चोकवर गेलं. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट भुंग्यासारखी गुणगुणायला लागली की चोक गेला. सकाळी स्कूटर सुरू होईना की चोक ओढा, डावीकडे आडवी करा, उभी करा, पुन्हा ओढा, आणि तेवढ्यात बस निघून जाते. मोरी तुंबली की चोकअप. पावसाळ्यात अंधेरीचा सबवे तुंबला की आख्खं पश्चिम उपनगर चोकअप. या शब्दाने आमच्या घरात आजवर एकदाही चांगली बातमी आणलेली नाही. साहजिकच ‘फुल चोक, निघत नाही’ हे वाक्य कानावर पडताच सौभाग्यवतींनी गॅस बारीक केला, न्हाणीघरात डोकावल्या, स्वयंपाकघरातलं सिंक बघितलं, दोन्हीकडे पाणी सुरळीत जाताना दिसूनही त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी प्लंबरला फोन केला. ‘फुल चोक झालंय. पाहुणा रात्रभर झटतोय बिचारा.’

पाहुण्याने तोवर जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरून त्यावर आपला संसार मांडला होता. आधी बंदूक मधून मोडून उघडली, दोन्ही नळ्यांतून मला पलीकडचा उजेड दाखवला, आत काही नाही याची माझी खात्री करून दिली, मग मामीची वेगळी करून दिली. नळ्या एकावर एक. खालची आधी उडते, वरची नंतर. बंदूक बेरेटाची. ही इटलीची मंडळी १५२६ साली, म्हणजे पानिपतची पहिली लढाई झाली त्या वर्षी, व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकत होती आणि त्याची पावती अजून जपून ठेवलेली आहे. मला गेल्या वर्षीची गॅसची पावती सापडत नाही.

मग त्याने एक चपटा डबा उघडला. आत पाच कप्पे, त्यातल्या तीन कप्प्यांत तीन नळकांडी. करंगळीएवढ्या लांबीची, गुळगुळीत, एका अंगाला बारीक आटे. आणि एक चावी.

‘हे चोक.’

मी अंधेरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली आहेत. नळकांडं दिसलं की माझा हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडे जातो. मी एक उचललं, उजेडात धरलं, दुसरं उचललं, शेजारी धरलं. तिन्ही सारखी. एकाच डायवर काढलेल्या तिळ्या बहिणी. ‘यात फरक काय?’

‘तोंडात.’

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली आवळण. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. (बारा का? त्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं म्हणून. आकडा वाढला की भोक लहान होतं, म्हणजे वीस बोअर ही बारापेक्षा बारीक. हे ज्याने ठरवलं तो पुढे सोसायटीचं मेंटेनन्स काढायला बसला असावा.) ही नळी शेवटच्या बोटभर अंतरात जराशी निमुळती केली की छर्रे बाहेर पडताना एकमेकांना धरून राहतात, लगेच पांगत नाहीत. १८६६ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या पेप नावाच्या बंदूकवाल्याने याचं पेटंट घेतलं. तेव्हा ही आवळण नळीतच कायमची असायची. पुढे कुणीतरी ती सुटी केली, आटे पाडले, आणि एका बंदुकीला पाच तोंडं झाली.

‘आणि किती आवळायचं?’

‘फुल म्हणजे सगळ्यात जास्त. साधारण ०.९ मिलिमीटर.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बंदूक अडीच हात लांब, पेटी खांद्याला जड, परवान्याची फाईल वेगळी जड, आणि ज्यावर रात्रभर झटापट चालली होती तो सगळा मामला एक मिलिमीटरच्या आतला. पण मग टूलरूमचं रक्त जागं झालं. एक मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे गावाबाहेरचं अंतर. आम्ही शतांश मिलिमीटरवरून एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे. मी कपाटातून माझा व्हर्निअर आणला. ०.०२ लीस्ट काउंट, रिटायर होताना सहकाऱ्यांनी दिलेला. लोकांना शाल-श्रीफळ मिळतं.

मोजमाप लागलं तसं घोटाळा वाढला. एका नळकांड्याचं तोंड १८ च्या किंचित वर आलं. ‘म्हणजे हा कुठला?’ भाचा म्हणाला, ‘असं नसतं मामा. नुसतं तोंड मोजून कळत नाही. आतली नळी किती आहे ती आधी मोज, मग तोंड वजा कर. बारा बोअर म्हटलं तरी एकाची नळी १८.३ असते, दुसऱ्याची १८.६. तेच तोंड एकाला जेमतेम आवळतं, दुसऱ्याला कचकून.’ हे मला पटलं. माणसाचा पगार विचारून काही कळत नाही, त्याचं घरभाडं वजा करावं लागतं.

आता नावं. इंग्रजांची नावं सरळ आहेत: पाव चोक, अर्धा, पाऊण आणि फुल. ज्याने लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली आहे त्याला यात काही कठीण नाही. पण अमेरिकेने त्याची वाट लावली. तिथे काहीच न आवळलेल्या नळीला म्हणायचं सिलिंडर. जरा आवळलं की इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. आणखी आवळलं की मॉडिफाइड. त्याहून आवळलं की इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड. मग फुल. ‘सिलिंडर’ ऐकून सौभाग्यवती आतून ओल्या हातांनी बाहेर आल्या, त्यांचा नंबर लावलेला होता. आणि मला आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची फाईल आठवली: आराखडा, सुधारित आराखडा, बदललेला आराखडा, सुधारून बदललेला आराखडा. प्रत्येक वेळी आवळली जाते ती आमचीच खोली.

‘बरं, पण नळकांडं हातात घेतल्यावर ओळखायचं कसं?’

त्याने नळकांड्याची कड माझ्या डोळ्यांजवळ आणली. कडेवर नखाने कुरतडल्यासारख्या बारीक खाचा. एकाला तीन, एकाला चार, एकाला पाच. नळकांडं नळीत बसलं तरी ही कड बाहेरून दिसत राहते. अंगावर तेवढ्याच चांदण्याही कोरलेल्या असतात.

‘पाच चांदण्यांचा म्हणजे फुल,’ मी आत्मविश्वासाने म्हणालो.

‘उलटं. एक चांदणी म्हणजे फुल. दोन म्हणजे इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड. तीन मॉडिफाइड, चार इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, पाच सिलिंडर.’

म्हणजे जितक्या चांदण्या कमी तितका चोक कडक. पंचतारांकित म्हणजे काहीच नाही, सताड उघडं दार. जुहूच्या हॉटेलांत आतापर्यंत मला असाच अनुभव आला होता, पण तो कुणी कोरून ठेवलेला नव्हता.

खिशात व्हर्निअर नसलेल्या लोकांनी चोक ओळखायची एक जुनी युक्ती काढली आहे, ती नाण्याची. अमेरिकेत डाइम नावाचं १७.९ मिलिमीटरचं नाणं असतं. ते नळीच्या तोंडात गेलं नाही तर फुल चोक समजायचा. युक्ती कच्चीच, कारण नळ्यांचं मूळ माप सगळीकडे सारखं नाही. पण प्रयोगाला काय हरकत? मी आमच्या तीर्थरूपांचा सुट्ट्या पैशांचा डबा काढला. दहा पैशांचं स्टीलचं नाणं १६ मिलिमीटरचं. ते प्रत्येक नळकांड्यातून खळकन आरपार गेलं, फुल चोक असता तरी गेलं असतं. पंचवीस पैशांचं १९ चं. ते एकातही जाईना, मोकळ्या सिलिंडरमध्येसुद्धा. सरकारने दहा आणि पंचवीसच्या मध्ये वीस पैसे काढले खरे, पण ते षटकोनी आणि आणखी रुंद. थोडक्यात, भारतीय चलनाने चोक ओळखता येत नाही. त्यातून पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातूनच गेले. भाच्याने ते नाणं हातात घेऊन ‘हे काय आहे?’ असं विचारलं आणि मला माझं वय कळलं.

एवढा वेळ सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या, माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी आपला पितळी सोऱ्या माझ्या व्हर्निअरशेजारी ठेवला. मागोमाग चकत्यांचा डबा.

‘हेच ना? नळी एकच. पुढची चकती बदलायची. पीठ तेच. ही लावली की जाडी शेव, ही लावली की बारीक, ही गाठ्यांची, ही चकलीची.’

भाच्याने सोऱ्याचं झाकण फिरवून पाहिलं, आटे पाहिले, दट्ट्या वर-खाली केला. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच त्या दिवशी आदर पाहिला. सोळाव्या शतकापासूनचा इटलीतला कारखाना एकीकडे आणि सासूबाईंनी भुलेश्वरहून आणलेला सोऱ्या एकीकडे, पण तत्त्व तेच. बरं, दुखणंही तेच. बेरेटाचा मोबिलचोक ब्राउनिंगच्या इन्व्हेक्टर नळीत बसत नाही, आणि माझ्या बहिणीच्या सोऱ्याची चकती आमच्या सोऱ्याला बसत नाही. यावरून एका दिवाळीत दोन घरांत दोन दिवस अबोला होता.

‘आणि ही बघ,’ सौभाग्यवतींनी एक चकती वर धरली. मधोमध एकच भोक, चांदणीच्या आकाराचं. ‘एक चांदणी म्हणजे चकली.’

तेवढ्यात बेल वाजली. प्लंबर.

आमचा प्लंबर राजापूरकडचा. खांद्याला पिशवी, हातात ती लांब लवचिक स्प्रिंग जी त्याने थेट सिंककडे वळवली. सिंकमध्ये पाणी बघितलं, ते भुर्रकन गेलं. न्हाणीघरात बघितलं, तिथलंही गेलं. ‘चोकअप कुठंय?’ भाच्याने टेबलाकडे बोट दाखवलं. प्लंबर आला, बंदुकीच्या नळ्या बघून दोन पावलं मागे सरकला, मग एक पाऊल पुढे आला. वरच्या नळीच्या तोंडाशी एक खाच असलेलं नळकांडं पक्कं रुतून बसलं होतं.

‘रिड्यूसर जाम झालाय,’ तो म्हणाला.

मी एका तासात व्हर्निअर, तीर्थरूपांची नाणी आणि पावकी-निमकी खर्ची घालून जिथे पोहोचलो होतो तिथे हा माणूस तीन शब्दांत पोहोचला.

‘बसवताना ग्रीस लावलं होतं?’

भाच्याने मान खाली घातली. काडतुसातल्या प्लॅस्टिकचा आणि दारूचा राप आट्यांत जाऊन बसला होता. प्लंबर म्हणाला, ‘आट्यांत गंज सोडवायचं तेल सोडा, नळी तोंड खाली करून रात्रभर ठेवा, सकाळी चावीनेच फिरवा. पान्ह्याने पिळू नका, तोंड चेपेल. आणि तसंच अर्धवट ठेवून बार काढू नका.’

‘तुम्हीच काढून द्या ना,’ सौभाग्यवती म्हणाल्या.

‘वहिनी, ज्या नळाला सरकारचा परवाना लागतो त्या नळाला मी हात लावत नाही.’

पण पाय मात्र त्याचा निघेना. चहा घेता घेता त्याने सांगितलं की त्याच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाची दुनळी होती. कोकणात रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून पीक राखायला असा परवाना मिळतो, आणि गावात त्या बंदुकीचा मान जावयापेक्षा जास्त. त्या दुनळीचे चोक कायमचे, सुटे नव्हेत. ‘उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. पुढचा चाप उजवीचा. डुक्कर जवळ असतं तेव्हा मोकळी नळी उडवायची, छर्रे पसरतात. चुकलं तर ते पळतं, लांब जातं, मग डावी.’ त्याने चहाचा कप खाली ठेवून, डोळा बारीक करून, आमच्या फ्रिजवर नेम धरून दाखवला.

‘आमच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे लांब पळणाऱ्या तबकडीच्या प्रकारात, तसंच,’ भाचा खूश होऊन म्हणाला. ‘पहिल्या नळीत जरा मोकळा चोक, दुसरीत फुल. तबकडी तोवर लांब गेलेली असते.’ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं आणि राजापूरच्या डुकराचं गणित एकच निघालं. प्लंबरने व्हिजिटचे पैसे मात्र घेतले नाहीत. ‘उद्या चोकअप निघाला तर बघू,’ म्हणाला आणि गेला.

त्याच दारातून कोळीणमावशी आत डोकावल्या. रविवार, त्यामुळे टोपलीत बोंबील. वर्सोवा कोळीवाड्यातल्या. गेली वीस वर्षं त्या आमच्या घरातल्या सगळ्या घटनांवर उंबऱ्यावरून निकाल देतात. टेबलावरचा पसारा बघून त्यांनी विचारलं, भाच्याने समजावलं, निमुळतं तोंड वगैरे.

‘मंग आमचे डोलीसारकंच की,’ मावशी म्हणाल्या.

डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या धारेत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. तोंड हे एवढं ऐसपैस, तिथली आस, म्हणजे जाळ्याचं भोक, हातभर; आणि मागे मागे जाळं निमुळतं होत जातं, आस बारीक होत जाते, शेवटी शेपटाशी जवळाही सुटत नाही. ‘पन आमचं मावरं आत येतं,’ मावशी टोपली उचलत म्हणाल्या, ‘तुमचं सगलं भायेर जातं. धंद्याला काय परवडंल?’ भाच्याकडे उत्तर नव्हतं. एका काडतुसाची किंमत त्याला ठाऊक होती.

जेवणात ते बोंबील झाले आणि जेवणावर टक्क्यांचा विषय निघाला. चोकची खरी परीक्षा व्हर्निअरवर होत नाही, कागदावर होते. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावायचा, एक बार काढायचा आणि ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडले ते एकेक करून मोजायचं. सिलिंडरला साधारण ४०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला ५०, मॉडिफाइडला ६०, फुलला ७०. सौभाग्यवती शाळेत शिकवायच्या. त्यांनी लगेच निकाल लावला: फुल फर्स्ट क्लास, सिलिंडर काठावर पास.

‘तसं नाही मामी. स्कीट नावाच्या दुसऱ्या प्रकारात तबकडी वीसेक मीटरवर असते. तिथे फुल लावला तर छर्रे फार कमी जागेत जातात, नेम केसभर हुकला की गेलं. तिथे मोकळाच पाहिजे. पॅरिसला स्कीटच्या मिश्र जोडीचं आपलं ब्राँझ एका गुणाने गेलं, ४४-४३.’ घरात क्षणभर शांतता पसरली. वर्गातला काठावर पास मुलगाही कुठेतरी उपयोगी पडतो हे त्यांनी ३० वर्षं पालकांना सांगितलं होतं, पण त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नसावा.

मला तो कागद लावून बघायची फार इच्छा झाली. नुसता अंदाज घ्यायला, बंदुकीशिवाय, पावलांनी मोजून. साडेछत्तीस मीटर! आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या भाजीत मीठ कमी पडलं तर आम्हाला कळतं. कंपाउंडमध्ये अठरा मीटरवर टाकी. यारी रोडवर एवढी सलग मोकळी जागा दिसली तर बिल्डर आधी पोहोचलेला असतो. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. तिथे पंधरा पावलांत दोन क्रिकेट सामने, एक प्री-वेडिंग आणि एक कुत्रा. खाडीपलीकडे वर्सोव्याचा किल्ला दिसत होता, १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. तिथे तोफेच्या टप्प्याइतकी जागा नक्की असणार, पण आता तो हवाई दलाच्या ताब्यात, आणि परवानगीने तिथे चालतं ते शूटिंगच.

परत आलो तर सेक्रेटरी दारात. वॉचमनची वही त्यांच्या काखेत. ‘तुमच्याकडे शूटिंग आहे असं कळलं. सोसायटीच्या आवारात शूटिंग असेल तर दिवसाचं भाडं ठरलंय. जनरल बॉडीचा ठराव आहे.’ मी त्यांना आत घेऊन टेबल दाखवलं. एका हाताला उघडलेली शॉटगन, एका हाताला सोऱ्या, मध्ये बोंबलाच्या काट्यांची ताटली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, ‘कॉमेडी आहे का?’

रात्री झोपताना सौभाग्यवतींना एक शंका आली. ‘तबकडीला ते लोक मातीचं कबूतर म्हणतात म्हणे. आधी खरी कबुतरं मारायचे का रे?’ मारायचे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरं उडवून स्पर्धा झाली होती. त्यांनी गॅलरीकडे बघितलं, जाळीबाहेर बसून घुमणाऱ्या त्या जमावाकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. वीस वर्षं एसीच्या डबड्यामागची घाण धुणाऱ्या बाईच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी तेलाने काम केलं. चावी लावली, भाच्याने हलका झटका दिला, कुर्र असा आवाज आला आणि एक खाचेचं ते नळकांडं गरगरत बाहेर आलं. त्याने ते पुसलं, आट्यांना बोटभर ग्रीस लावलं, पेपरवर ठेवलं आणि आंघोळीला गेला. परत आला तेव्हा टेबल स्वच्छ होतं. सौभाग्यवतींनी सगळं ज्याचं त्याच्या डब्यात, नीट, खुणा बघून भरून ठेवलं होतं. पेटी बंद झाली, डब्यात चार लाडू गेले, आणि वॉचमनने वहीत ‘पॅकअप’ लिहिलं.

बुधवारी दुपारी दिल्लीहून फोन.

‘मामा, चोकच्या डब्यात एक चांदणीच्या जागी पितळेची चकती आहे.’

मी सौभाग्यवतींकडे बघितलं. त्यांनी माळ्याकडे बघितलं. स्टूल लावून डबा काढला. जाडी शेव, बारीक शेव, गाठ्या, आणि चकलीच्या जागी ग्रीसने माखलेला, इटलीचा, एक चांदणीचा फुल चोक.

‘मग तू काय लावलंस?’ मी घाबरून विचारलं.

‘दोन खाचांचा. काय करणार?’

‘आणि?’

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग तो आवाज खाली करून म्हणाला, ‘कोचना सांगू नको. काही फरक कळला नाही.’

‘चकती जपून आण म्हणावं,’ सौभाग्यवती मागून ओरडल्या, ‘दिवाळी तोंडावर आलीये!’

फोन ठेवतो तोच बेल वाजली. दारात प्लंबर उभा होता. ‘निघाला का चोकअप?’ त्याने विचारलं. माझ्या हातातल्या नळकांड्याकडे त्याचं लक्ष गेलं, आणि तो पुन्हा दोन पावलं मागे सरकला.